आरएक्सचं इंजिन बसवायचा दिवस

सकाळी ७

शटर वर गेलं की आधी हॉटप्लेट, मग उदबत्ती. इंजिनच्या केसिंगचे दोन्ही अर्धे काल डिझेलनं आणि मग साबणाच्या पाण्यानं धुऊन ठेवलेत. ते प्लेटवर तापत असताना मी घरून आणलेला स्टीलचा डबा उघडतो. आत रात्रभर फ्रीझरमध्ये राहिलेली बेरिंगं आहेत. ॲल्युमिनियम तापलं की पोलादापेक्षा जास्त फुगतं, आणि गार पोलाद थोडं आकसतं. एवढ्याशा फरकावर सकाळचं सगळं काम चालतं.

केसिंगवर पाण्याचा थेंब टाकून बघायचा. नुसता पसरून वाळत गेला तर अजून वेळ आहे. टाकल्या टाकल्या चुर्र करून उडाला की बेरिंग दोन बोटांत धरायचं, खोबणीच्या तोंडावर सपाट ठेवायचं आणि सोडून द्यायचं. टक्‌ असा आवाज होऊन ते तळाला जातं. हातोडा हातात घ्यावाच लागत नाही. ठोकून ठोकून खोबणी ढिली केलेली केसिंगं माझ्याकडे नेहमी येतात, आणि आणणारा सांगतो की मागच्या मेस्त्रीनं एका तासात बसवलं होतं. बसवलं असेल की.

गाडी यामाहा आरएक्स १००, १९९१ ची. पुण्यात नोकरीला असलेल्या एका पोराला मामाकडून मिळालेली. बरीच वर्षं कागलकडं एका सोप्यात पोत्याखाली उभी होती. पोराला ती ‘प्रोजेक्ट’ म्हणून हवी आहे, स्वतःचे हात काळे करायचे आहेत. खोलायला तो आला होता. बोल्ट न्‌ बोल्ट पिशव्यांत घालून प्रत्येक पिशवीवर नाव लिहिलं, फोटो काढले. चांगली सवय आहे, मी स्वतः एवढा धीर धरत नाही. पण खोलायला एक माणूस पुरतो. जोडायला बोरिंगवाला, क्रोमवाला, रंगवाला, सीटवाला, चाकाचा आउट काढणारा असे बरेच हात लागतात, आणि त्यांच्या वेळा जुळवणं हेच माझं निम्मं काम.

सकाळी ८.३०

क्रँक. आरएक्सचा क्रँक एकसंध नसतो. दोन जाड पोलादी चकत्या, त्यांच्यामध्ये पिन, पिनवर कनेक्टिंग रॉड, हे सगळं प्रेसनं दाबून एक केलेलं. रॉड खडखडायला लागला की चकत्या प्रेसवर उघडून नवा रॉड, पिन आणि बेरिंग घालायचं, आणि मग खरा कस लागतो, कारण दाबून जोडलेल्या दोन चकत्या एका रेषेत येतीलच असं नसतं. व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावतात, क्रँक हळू फिरवतात, काटा कुठं उड्या मारतो ते बघतात आणि चकतीच्या कडेवर तांब्याच्या हातोड्याचा एक ठोका देतात. पुन्हा फिरवून पुन्हा बघतात. हे काम मी करत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात एक काका आहेत, त्यांच्या हातातून आलेला क्रँक तीन शतांश मिलिमीटरच्या आत असतो. माणसाचा केस साधारण सात-आठ शतांश जाड. तरी इथं आणल्यावर मी डायल लावतोच. काकांना ते ठाऊक आहे आणि त्यांना त्याचा राग येत नाही.

मग दोन्ही बाजूंचे ऑइल सील. दोन-स्ट्रोक इंजिनात पिस्टनखालची जागा नुसती पोकळी नसते. कार्ब्युरेटरमधून आलेलं पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी तिथं खाली येतं, पिस्टन खाली आला की दाबलं जातं आणि बाजूच्या वाटांनी वर सिलिंडरात चढतं. म्हणजे क्रँककेस हासुद्धा एक पंप आहे आणि पंपाला गळती चालत नाही. मॅग्नेटोच्या बाजूचं सील गेलं तर इंजिन तिथून फुकटची हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो. क्लचच्या बाजूचं गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल ओढतं आणि मागं पांढरा धूर. शंभर-दोनशे रुपयांच्या सीलसाठी जुनं वापरणाऱ्यांची मला कमाल वाटते.

गिअर चार, शिफ्टर फोर्क, ड्रम. केसिंग मिटवताना लिक्विड पॅकिंग बोटानं पातळ लावलं, बोल्ट तिरप्या क्रमानं आवळले, क्रँक हातानं फिरवून बघितला. अडखळत नाही.

सकाळी ९.४५

उद्यमनगर. आधी मिसळ. कोल्हापुरात मिसळीबरोबर ब्रेड येतो आणि कट वेगळा मागावा लागत नाही, हे पुणेकर ग्राहकांना दरवेळी सांगावं लागतं.

याच गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवला आणि १९२० मध्ये त्यावर ‘सैरंध्री’ काढला. पुढं इथं ऑइल इंजिनं झाली, उसाच्या घाण्याचे भाग झाले, फाउंड्र्या आल्या. परदेशी वस्तू उघडून बघायची, भाग मोजायचा आणि इथंच घडवायचा, ही जुनी खोड आहे गावाची. आरएक्ससारखी उत्पादन बंद झालेली गाडी आज चालू राहते ती या खोडीवर. पार्वती टॉकीजच्या सिग्नलपासून पुढं कुठल्याही गल्लीत शिरा, बुशिंग करून देणारा, गेलेले आटे भरून देणारा, तुटलेला ॲल्युमिनियमचा कान वेल्ड करून देणारा भेटतो.

बोरिंगच्या दुकानात सिलिंडर काल दिला होता, पण पिस्टन आज घेऊन आलोय. उलटं करायचं नाही. आधी पिस्टन हातात, मग बोर. आरएक्सचा बोर ५० मिमी, स्ट्रोकही ५० मिमी, त्यातून ९८ सीसी. झिजला की पाव-पाव मिलिमीटरनं वाढवत न्यायचा: ५०.२५, ५०.५०, ५०.७५, ५१. या सिलिंडरचा बोर आधीच ५०.५० झालाय, म्हणजे हा पाऊणचा, आणि पुढं एकच पायरी शिल्लक. खोक्यावर ०.७५ लिहिलेलं असलं तरी मायक्रोमीटर लावल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. डुप्लिकेट पिस्टन किटांचा सुळसुळाट आहे, खोकं अस्सलाहून अस्सल दिसतं. मोजायचं ते खाली, स्कर्टवर, पिनला काटकोनात. कारण पिस्टन वरून गोल दिसला तरी तो किंचित अंडाकृती असतो आणि डोक्याकडं निमुळता, म्हणजे तापल्यावर फुगून तो गोल व्हावा. बोर मात्र तीन पातळ्यांवर, दोन दिशांनी मोजायचा. दोघांमध्ये मी चार-पाच शतांश ठेवतो.

होनिंग झाल्यावर आतल्या भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा दिसतात. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात, त्यांत ऑइल थांबतं. आणि एक काम बोरिंगवाला पुष्कळदा विसरतो, किंवा विसरल्यासारखं करतो: पोर्टच्या कडा. दोन-स्ट्रोकच्या सिलिंडरला भिंतीत खिडक्या असतात. बोर वाढवला की त्यांच्या कडा ब्लेडसारख्या होतात. पिस्टन रिंग दर फेरीला त्या खिडकीवरून जाते आणि थोडी बाहेर फुगते, ती धारेला अडकली की तुटली. म्हणून बारीक पॉलिश पेपर बोटाला गुंडाळून प्रत्येक खिडकीची वरची-खालची कड मोडायची. मी तिथंच उभा राहून करतो. दहा मिनिटं जातात, मालक घड्याळ बघतो.

सकाळी ११.३०

क्रोमवाल्याकडं हँडल आणि मडगार्ड तयार नाहीत. ‘संध्याकाळी’ म्हणाला. रंगवाल्याकडं टाकी प्रायमरवर आहे. तिला चेरी रेड द्यायचाय. त्या काळी लाल, निळी, काळी एवढ्याच आरएक्स लोकांच्या डोळ्यासमोर. आतला गंज काढायला टाकीत लहान खडी आणि साखळी घालून बराच वेळ हलवली होती, आता आतून अस्तर लावून झालंय. रंगाविषयी एवढंच.

दुपारी १२

गॅरेजवर एक गृहस्थ वाट बघत थांबलेत. हे नेहमीचे. त्यांच्याकडं पाच-सहा जुन्या गाड्या आहेत आणि प्रत्येकीचा बोल्टसुद्धा कंपनीचा आहे, डोक्यावरच्या खुणेसकट. माझ्या टेबलावरचा नवा स्टेनलेस बोल्ट उचलून ते म्हणाले, “हे ओरिजिनल नव्हे.” नव्हे. पण मूळ बोल्ट गंजून डोक्यापाशी तुटला होता. ‘ओरिजिनल’चा हा सोवळा हट्ट मला झेपत नाही. कंपनीनं १९९१ मध्ये जी ट्यूब दिली तीच हवी असा कुणाचा आग्रह असतो का? गाडी काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर ठीक. हिला गगनबावड्याला जायचंय.

दुपारी १.१५

पोरगा आला. पुण्याहून पहाटेची एसटी, पाठीवर सॅक, आणि सॅकमधून बाहेर डोकावणारं चकचकीत नळकांडं. ऑनलाइन मागवलेला सायलेन्सर.

“मेस्त्री, आवाज जरा मोकळा करूया की.”

“आधी जेवूया.”

भाकरी, झुणका, कांदा. जेवता जेवता जुना सायलेन्सर मांडीवर घेऊन त्याला दाखवला. वरून बघितलं तर साधी नळी. चार-स्ट्रोक गाडीत तिचं मुख्य काम आवाज कमी करायचं, पण दोन-स्ट्रोकमध्ये ती इंजिनाचाच भाग असते, पिस्टनइतकीच. धूर बाहेर पडायचं पोर्ट उघडलं की दाबाची एक लाट पाइपातून सुटते. पाइप जिथं रुंदावत जातो तिथून उलटी, ओढणारी लाट मागं येते. ती सिलिंडरमधला जळका धूर खेचून काढते, पण त्याच्याबरोबर थोडं ताजं मिश्रणही पाइपात येतं. पुढं पाइप निमुळता होतो, तिथं लाट आपटून परत फिरते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत ते ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरात कोंबते. हा सगळा खेळ सेकंदात शंभरेक वेळा, कुठल्याही झडपेशिवाय, नुसत्या नळीच्या आकारावर.

पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीत वॉल्टर काडेन नावाच्या इंजिनिअरनं १९५० च्या दशकात हे गणित पक्कं केलं. त्याचा रेसर अर्न्स्ट डेग्नर १९६१ च्या सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या शर्यतीतून परत गेलाच नाही. तो सुझुकीला जाऊन मिळाला, आणि १९६२ ची ५० सीसीची जागतिक स्पर्धा त्यानं सुझुकीवर जिंकली. सायलेन्सरच्या नळीसाठी देश सोडल्याची दुसरी गोष्ट मी तरी ऐकलेली नाही. पोरगा घास हातात धरून ऐकत होता.

आरएक्सला ९८ सीसीतून ११ अश्वशक्ती मिळायची ती काही जादू नव्हती. आरएक्स आली त्याच १९८५ साली आलेली हिरो होंडाची सीडी १०० चार-स्ट्रोक, ताकद सात-साडेसातच्या घरात, पण पेट्रोल मात्र कमी प्यायची. एस्कॉर्ट्सनं आणलेली यामाहा वजनाला जेमतेम शंभर किलो, रीड व्हॉल्व्हची आणि असा सायलेन्सर असलेली. १९९६ ला तिचं उत्पादन थांबलं, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. पण घाटात मागं दोघं बसवून तिसऱ्या गिअरमध्ये चढणारी १०० सीसी कुठली, असं विचारलं तर आमच्याकडं अजून एकच नाव निघतं.

“मग सायलेन्सरच्या आतली पुंगळी काढली तर?”

पुंगळी काढली की आवाज वाढतो, मधल्या रेंजचा जोर जातो, आणि कार्ब्युरेटरचं जेट न बदलता चालवली तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल चालत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच धरलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पोलीस असे जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून रोडरोलर फिरवतात, त्याचे फोटो त्यानंही बघितलेत.

सीटची मागची बाजू कापून कॅफे रेसर करायचीही त्याची इच्छा होती. मागची फ्रेम कापली की शॉकॲब्सॉर्बर, मडगार्ड, दिवा सगळं नव्या ठिकाणी न्यावं लागतं आणि आरसीच्या नूतनीकरणाच्या वेळी इन्स्पेक्टरच्या पहिल्याच नजरेत येतं. मी फ्रेमला ग्राइंडर लावत नाही, हे त्याला पहिल्या दिवशीच सांगितलंय. बाकी करण्यासारखं कितीतरी आहे. हँडल दोन बोटं खाली आणि जरा अरुंद. सीटचा फोम नव्यानं भरून, त्याच्या उंचीप्रमाणं, कारण मामा बुटके होते. हेडलाइटला चांगला रिफ्लेक्टर. ब्रेक ड्रमचेच राहतील, पण ड्रम लेथवर टर्न करून नवे लायनर घासून पूर्ण टेकवले, तर लोक समजतात त्यापेक्षा फार चांगले लागतात. वायरिंग पूर्ण नवं, फ्यूजसकट. बघणाऱ्याला गाडी जुनीच वाटेल, बसणाऱ्याला कळेल.

नळकांडं त्यानं सॅकेत परत घातलं. पटलं की नाही, माहीत नाही.

दुपारी २.३०

पिस्टन त्यानं बसवायचा.

क्रँककेसच्या तोंडात आधी धुतलेलं फडकं कोंबायचं. पिस्टन पिनच्या दोन्ही टोकांना तारेची एकेक सर्क्लिप असते, नखाएवढी, स्प्रिंगच्या ताणातली. बसवताना सुटली तर उडते, आणि फडकं नसेल तर सरळ क्रँकमध्ये जाते. मग सकाळी सातपासूनचं सगळं काम उलगडा. रॉडच्या वरच्या डोळ्यात सुईबेरिंग, त्यावर टू-टी ऑइलचे चार थेंब, पिस्टनवरचा बाण पुढं, म्हणजे एक्झॉस्टकडं. पिन अंगठ्यानं ढकलली. सर्क्लिपचं एक टोक खाचेत टेकवून दुसरं पक्कडीनं वाकवताना त्याची जीभ दातांत आली होती. क्लिप बसल्यावर ती खाचेत फिरवून तोंड वर किंवा खाली आणायचं, बाजूला ठेवायचं नाही.

रिंगा त्याआधी नुसत्याच बोरमध्ये घालून, पिस्टननं सरळ करून, तोंडातलं अंतर फिलर गेजनं बघितलं होतं. दोन-स्ट्रोकच्या रिंगेला फिरायची मुभा नसते. पिस्टनच्या खाचेत बारीक खुंटी असते, रिंगेचं तोंड तिच्यावर बसलं पाहिजे, नाहीतर तोंड खिडकीत उघडतं. सिलिंडर वरून हळूहळू खाली आणत त्यानं एकेक रिंग बोटांनी दाबली. दाबायची, ढकलायची नाही. दुसऱ्या रिंगेला तो थांबला, पुन्हा वर घेतला, खुंटी बघितली, मग खाली. मी शेजारी एका स्प्लेंडरचा ब्रेक आवळत होतो, बघत नसल्यासारखा.

हेड, चार नट, तिरप्या क्रमानं, तीन टप्प्यांत. टॉर्क पान्यानं. अंदाजानं आवळणारे मेस्त्री ॲल्युमिनियमचे आटे खातात.

दुपारी ४.३०

ऑइल पंप. आरएक्समध्ये पेट्रोलात ऑइल मिसळावं लागत नाही. वेगळ्या टाकीतून छोटा पंप ते इंजिनाला देतो, आणि ॲक्सिलरेटरची केबल दुभंगून एक शाखा कार्ब्युरेटरला, एक पंपाला जाते. पुष्कळ ठिकाणी हा पंप काढून टाकतात. ‘मिक्स करून टाका, भरवशाचं.’ मला पटत नाही, आणि कारण आमच्या घाटांत आहे. गगनबावड्यावरून करूळ घाट उतरताना रेस बंद, गिअरमध्ये गाडी, इंजिन जोरात फिरतंय. मिश्रणातलं ऑइल पेट्रोलाबरोबरच येतं. पेट्रोल बंद तर ऑइलही बंद, आणि पिस्टन कोरडा पळतोय. पंप इंजिनाच्या फेऱ्यांवर चालतो, रेस बंद असली तरी तो थोडं देत राहतो.

नळीतले हवेचे बुडबुडे निघेपर्यंत स्क्रू सैल ठेवला. केबलची खूण पंपाच्या खुणेवर आणली. पहिल्या टाकीपुरतं मात्र पेट्रोलातही थोडं ऑइल टाकतो, पंपानं जागं व्हायला वेळ घेतला तर असावं म्हणून.

संध्याकाळी ५.४५

कार्ब्युरेटर साफ, जेट कंपनीच्या नंबराचं, सुईची क्लिप मधल्या खाचेत. प्लग हेडला टेकवून किक मारली, ठिणगी निळी. टाकी रंगात अडकलेली, म्हणून खिळ्याला बाटली टांगून नळी जोडली.

किक मारायचा मान त्याचा. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा खोकली. चोक अर्धा केला. पुढच्या किकला लागली, आणि जमवताना लावलेलं सगळं ऑइल पांढऱ्या धुरानं बाहेर यायला लागलं. समोरच्या किराणावाल्यानं नेहमीप्रमाणं शटर अर्धं ओढलं. रेस द्यायला पोराचा हात गेला, मी तो बाजूला केला. पहिल्यांदा फक्त आयडल. हेडला हात लावून बघायचा, चटका बसायला लागला की बंद. पूर्ण गार, मग पुन्हा चालू.

दुसऱ्यांदा गार झाल्यावर प्लग काढला. टोक ओलसर काळं. आज तसंच असणार, ऑइल दोन्हीकडून जातंय. रनिंग झाल्यावर बिस्किटी रंग यायला हवा, तेव्हाच मिश्रणाचं कळेल. मग पीयूसी: ३१ मार्च २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ४.५ टक्के. नीट जमवलेली आरएक्स त्यात बसते.

संध्याकाळी ७.३०

क्रोमवाल्याचा फोन: उद्या. दिवे लावून कागद काढले. आरसीची मुदत पंधरा वर्षांनी संपली होती, नंतर दर पाच वर्षांनी वाढवायची ती मामांनी वाढवलीच नाही. वीस वर्षांवरच्या मोटरसायकलीला २०२५ पासून नूतनीकरणाची फी २,००० रुपये, पर्यावरण कर वेगळा, विलंबाचं वेगळं, शिवाय एचएसआरपी पाटी. चेसिस नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली. पोरानं नंबर आरसीशी ताडून बघितला, प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचत.

“मेस्त्री, रात्री एक चक्कर? रंकाळ्यापर्यंत?”

“हेड गार झाल्यावर नट पुन्हा आवळायचेत. उद्या.”

“किती वाजता येऊ?”

“सातला. आणि येताना टू-टी ऑइलचा डबा घेऊन ये, माझा संपलाय.”